धोंडुवहिनीची हजेरी

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज माझा आणि तो ऐकणारं कुणी नाही. तीस वर्षं मी पेण डेपोला एसटीत कंडक्टर होतो. 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणून घसा बसवून घेतला आणि ती सवय घरीही आणली. जेवताना पोरं ताटाशी रेंगाळली तरी माझ्या तोंडून 'पुढे सरका' निघायचं. माझी वहिनी नेमकी माझ्या उलट. धोंडुबाई तिचं नाव, माझ्या थोरल्या भावाची, नाथादादाची बायको. तिचा आवाज शेजारच्या घरात कधी गेला नसेल. अशी बाई त्रेपन्नाव्या वर्षी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत उभी राहिली, तेव्हा पहिला हसलो तो मी. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला टोमणा मारायला नको.

आमचं गाव पेणच्या पश्चिमेला, खाडीला चिकटून. वहिनी लग्न होऊन आली ती ब्याऐंशी साली आणि हळद उतरायच्या आत दादाबरोबर मिठागरावर गेली. मिठागरावर काम जोडीचं असायचं. नवऱ्याने मीठ ओढून गोळा करायचं आणि मग दोघांनी टोपल्या भरभरून डोक्यावरून मिठाच्या राशीपर्यंत न्यायच्या. चालायचा बांध हातभर रुंद, दोन्ही अंगांना खारं पाणी. त्यावरून चालता येत नाही, कारण हळू गेलं की तोल जातो. म्हणून सगळे एका लयीत तुरुतुरु पळायचे. कमरेच्या वरचं अंग हलत नसे, पळायचे ते फक्त पाय. दादा पुढे, वहिनी मागे.

त्या बांधांचा एक कायदा होता. भरली टोपली घेऊन समोरून कुणी आलं की रिकाम्याने वाट द्यायची. एक पाय बांधाखाली उतरवायचा, अंग चोरून उभं राहायचं आणि भरलेला माणूस पुढे गेल्यावरच हलायचं. रिकामा माणूस मुकादम असला तरी उतरायचा. हा मानपानाचा प्रश्न नव्हता, भरलेल्याचा पाय सरकला तर मीठही पाण्यात आणि मानही मोडायची. लहानपणी मी एकदा ऐटीत उभा राहिलो म्हणून आमच्या बापाने मला त्याच पाण्यात ढकललं होतं.

दुसरी गोष्ट हजेरीची. सकाळी मुकादम पुस्तक उघडायचा आणि पुकारायचा, "नाथा म्हात्रे, जोडी." दादा म्हणायचा, "हाजर." त्या एका 'हाजर'मध्ये वहिनी येऊन जायची. ती बाळंतपणाला घरी राहिली तेव्हा मुकादमाने 'जोडी' खोडून 'एकटा' लिहिलं. म्हणजे ती आली तरी तिचं नाव नाही आणि नाही आली तरी नाही. बावीस वर्षं हे असं चाललं आणि त्यात काही चुकतंय असं आम्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

दोन हजार चार साली समुद्राच्या अंगाचा मोठा बांध फुटला, खारं पाणी सगळीकडे शिरलं आणि मिठागर बंद झालं. तोपर्यंत दादाचे गुडघे कामातून गेले होते. तो घरी जाळी विणत बसला आणि वहिनी हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात जायला लागली. तिथे तिला काम मिळालं ते कच्च्या मूर्ती डोक्यावरून वाळवणीच्या मांडवात नेण्याचं. न रंगवलेली ओली मूर्ती म्हणजे जरा धक्का लागला की बोट तुटतं, सोंड जाते. वहिनीच्या हातून बारा वर्षांत एक कान तेवढा गेला, आणि तोही दुसऱ्याच्या कोपराने. कारखान्याच्या मालकाने एकदा तिच्या डोक्यावर मूर्ती आणि मूर्तीच्या हातावर पाण्याचा पेला ठेवून पैज जिंकली होती.

दोन हजार सोळाची दिवाळी नुकतीच झाली होती. कुणीतरी माझ्या गाडीत जाहिरातीचे कागद ठेवून गेलं. त्यातला एक मी डब्याला गुंडाळून घरी आणला. रोह्याच्या एका तरुण मंडळाने संक्रांतीच्या आधीच्या रविवारी शर्यत ठेवली होती. रोह्याहून निघायचं, कोलाडच्या अलीकडे वळायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. एकूण एकवीस किलोमीटर. वहिनी तिसरी शिकलेली, सावकाश वाचते. डबा घासायला घेतला आणि कागद हातात धरून ती पडवीत उभीच राहिली.

"भावजी, ह्ये खरं हाय का?"

तिचं बोट एका ओळीखाली होतं. तीन तासांच्या आत येणाऱ्या प्रत्येक स्पर्धकाचं नाव माईकवरून जाहीर केलं जाईल, असं तिथे छापलं होतं.

"छापलंय म्हंजे खरंच असंल," मी म्हणालो.

"प्रत्येक म्हंजे सगल्यांचा? बायांचा पन?"

"बायांचा पन. का? तू धावतंस का काय?"

ती म्हणाली, "व्हय." आणि मी हसलो. नुसता हसलो नाही, मांडीवर थाप मारून हसलो. माझी बायको इंदू आतून बघायला आली. वहिनीने कागदाची घडी घातली आणि पदराच्या टोकात बांधली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "येकदा आयकायचा हाय मना, माझा नाव कसा वाटतो तो."

माझं हसू जिथल्या तिथे थांबलं. ओटीवर दादा जाळं विणत होता, त्याचा हातही थांबला. मग त्याने विचारलं, "त्याला जोडी नाय लागत?"

"नाय," वहिनी म्हणाली. "येकटीनंच हाय."

दादाने मान हलवली आणि पुन्हा जाळं हातात घेतलं. मला वाटलं, विषय मिटला. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर हा माणूस एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात गजराचं घड्याळ घेऊन दारात उभा. वहिनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून तयार. दोघं निघाली ती समुद्राकडच्या, फुटल्यावर पुन्हा घातलेल्या बांधावर. मी उगाच झोपमोड झाली म्हणून चिडचिड केली आणि मागोमाग गेलो.

पुढचे दोन महिने हाच नेम झाला. बांधाला पाणी सोडायची झडप आहे, तिच्या कठड्यावर दादा घड्याळ मांडीवर घेऊन बसायचा. मोटारसायकलच्या काट्यावर अंतर मोजून मी बांधावर चुन्याचे पट्टे मारले होते. वहिनी पळायची ती तशीच, मिठागरातल्यासारखी. हात जेमतेम हलायचे, मान ताठ, पावलं आखूड. रोह्याला दिलेली तिची मुलगी चंद्रावती एकदा येऊन बघून गेली आणि म्हणाली, "आय, असं नाय धावत. ढांगा टाक मोठ्या." वहिनीने दोन मोठ्या ढांगा टाकल्या आणि तिसरीला कंबर धरून उभी राहिली. मग तिच्या चालीला कुणी हात लावला नाही.

बुटांचा मात्र घोळ झाला. बांधाची माती धरून धरून तिच्या पायांची बोटं पसरलेली, बायकांच्या मापाचा एकही बूट चढेना. पेणच्या दुकानदाराने पाच जोड काढले आणि सहाव्याला हात जोडले. शेवटी चंद्रावतीच्या नवऱ्याचे, म्हणजे आमच्या जावयाचे, आठ नंबरचे जुने बूट टाचेत चिंधी भरून तिने घातले. जावई गोविंदा कंपनीत शिफ्टला जाणारा साधा मुलगा. सासू आपले बूट घालते म्हटल्यावर त्याला कुठे बघावं ते कळेना.

एकदा वहिनी लांब गेली होती आणि आम्ही भाऊ दोघेच कठड्यावर बसलो होतो. दादा घड्याळाकडे बघत म्हणाला, "काळू, बावीस वर्सं मी हाजर बोललो. ती माझ्या पाठीशी उभी. मी कवा मागं वलून बगितला पन नाय."

मी म्हणालो, "तेवा कोन बगायचा?"

"मी बगायचा हुता," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझेही भरले होते आणि मला ते दाखवायचं नव्हतं.

अर्ज मीच भरला. वहिनी समोर बसून प्रत्येक अक्षर बघत होती. नावाच्या रकान्यात तिने सांगितलं, आधी माझं लिवा, मग त्यांचं. मी धोंडुबाई नाथा म्हात्रे असं लिहिलं. तिने तो कागद उलटसुलट करून बघितला आणि मला परत दिला. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात ती अठरा किलोमीटर पळाली. हिशेब केला तर एकवीसला दोन तास पन्नास मिनिटं लागणार होती. दहा मिनिटं हातात होती. मी म्हणालो, आता काय घोडं अडतंय?

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही गाडीने रोह्याला चंद्रावतीकडे गेलो. शर्यत सकाळी साडेसहाला सुटायची होती, त्याआधीच मैदानावर तीन-साडेतीनशे माणसं जमलेली. मुंबई-पुण्याची उंच, बारीक पोरं अंग ताणत होती. त्यांच्यात आमची वहिनी, लुगडं खोचलेलं, वर मंडळाचा पिवळा बनियन आणि छातीवर दोनशे एकोणनव्वद नंबर. दोन मुली तिच्याबरोबर फोटो काढून घेऊन गेल्या. ती सगळ्यांना हात जोडत होती.

आम्ही आमच्या जागा ठरवल्या होत्या. चंद्रावती पाचव्या किलोमीटरला मीठ घातलेली तांदळाची पेज बाटलीत घेऊन. दादा आठव्याला, रस्त्याच्या मोरीवर, कारण तिथे बसायला कठडा होता. गोविंदा त्याला स्कूटरवरून सोडून आला. आणि मी सायकलवर. मंडळाने सायकलवाल्या मदतनिसांना रस्त्याच्या कडेने जायची परवानगी दिली होती. सायकल मागून आणलेली, सीट टोकदार आणि माझं पोट पुढे. पहिल्या चढाला मला कळलं की वहिनीपेक्षा माझीच काळजी घ्यायला कुणीतरी पाहिजे होतं.

वहिनी मात्र मस्त चालली होती. जे भराभर सुटले त्यातले काही तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला चालायला लागले, त्यांना ओलांडून ती पुढे गेली. पाचव्याला चंद्रावतीकडून पेज घेतली, न थांबता प्यायली आणि बाटली तिच्याकडे परत फेकली. सात किलोमीटरला मी घड्याळ बघितलं. छप्पन्न मिनिटं. ठरल्यापेक्षाही थोडी पुढेच. मी खूश होऊन सायकलची घंटी दोनदा वाजवली. एसटीत डबल घंटी म्हणजे चला.

आणि तिथेच समोरून पहिला पोरगा आला. तो वळून परत निघालेला, घामाने चमकत होता, वाऱ्यासारखा येत होता. वहिनीने त्याला बघितलं, एक पाय रस्त्याच्या खाली उतरवला, अंग चोरलं आणि उभी राहिली. तो गेल्यावर पुन्हा पळायला लागली.

मला वाटलं, दमली असेल. पन्नास पावलांवर दुसरा आला. ती पुन्हा उतरून उभी. मग तिसरा, मग दोघे एकत्र. प्रत्येकाला ती वाट देत होती. डांबरी रस्ता चांगला दोन गाड्या जातील एवढा रुंद, येणारी पोरं पलीकडच्या कडेने चाललेली, आणि ही बाई खाली उतरून उभी. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती पोरं मोठी वाट कापून परत येत होती, म्हणजे वहिनीच्या लेखी भरलेली होती. आणि ही अजून रिकामी.

"वयनी, थांबू नको गो!" मी ओरडलो. "ही मिठागराची वाट नाय!"

तिने माझ्याकडे बघून मान हलवली, दहा पावलं पळाली आणि समोर माणूस दिसताच पाय आपोआप खाली गेला. बांधाचा तो कायदा तिच्या डोक्यातून येतच नव्हता, पायातूनच येत होता. मी घंटी वाजवली तर मागून गाडी आली असं वाटून ती आणखी कडेला सरकली. बांधावर सराव करताना हे कधी दिसलं नाही, कारण मिठागर बंद झाल्यापासून त्या बांधावर समोरून कुणी येतच नव्हतं. आता तर पोरांचे घोळकेच यायला लागले. घोळका संपेपर्यंत वहिनी उभीच राहायची. तिने एकदा हताश होऊन माझ्याकडे बघितलं. "भावजी, माझे पाय आयकत नाय," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि मला माझाच राग येत होता, कारण हे मला आधी सुचायला हवं होतं.

आठव्या किलोमीटरला पोचलो तेव्हा एक तास सोळा मिनिटं झाली होती. हातातली दहा मिनिटं गेली होती आणि अजून निम्मे लोक समोरून यायचे होते.

मोरीवर दादा उभा होता. त्याने लांबूनच सगळं बघितलं होतं. मी सायकलवरूनच हात नाचवत सांगायला लागलो, तर त्याने मला गप्प राहायची खूण केली. खांद्यावरचा पंचा काढला. त्याला पीळ दिला, गोल फिरवला, टोक आत खोचलं. डोक्यावर ओझं घेताना खाली ठेवतात ती चुंबळ त्याने उभ्या उभ्या वळली. इतकी वर्षं दोघांच्या चुंबळी तोच वळायचा. वहिनी समोर येताच काठी टाकून तो दोन पावलं पुढे झाला आणि ती चुंबळ त्याने तिच्या डोक्यावर बसवली. वरून तळव्याने थोपटून घट्ट केली.

"आता तू भरलेली," तो म्हणाला. "आता कुनासाठी उतरायचा नाय. जा."

वहिनीने एक क्षण त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग तिची मान ताठ झाली. खांदे सरळ झाले. मी ते अंग पूर्वी हजारदा बघितलेलं होतं, टोपलीभर मिठाचं ओझं डोक्यावर आल्यावर होतं तसं. समोरून आठ-दहा जणांचा घोळका येत होता. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ पळत गेली. घोळका दोन्ही बाजूंनी फाटला.

मी सायकल रस्त्यावर आडवी टाकून टाळ्या वाजवल्या. नंतर लक्षात आलं की सायकल घेऊन तिच्या मागे जायचं आहे.

आता हिशेब असा होता: तेरा किलोमीटर आणि एक तास चव्वेचाळीस मिनिटं. एवढ्या वेगाने ती सरावात एकदाही पळाली नव्हती. पण सरावात तिच्या डोक्यावर चुंबळ तरी कुठे होती? बावीस वर्षं जे पाय ओझ्याखाली पळाले, ते डोकं रिकामं ठेवून पळवायला आम्ही गेलो होतो. कोलाडच्या अलीकडे ती वळली तेव्हा एक तास छत्तीस मिनिटं झाली होती. वळणावर मंडळाच्या मुलीने तिच्या मनगटाला लाल फीत बांधली आणि डोक्याकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, हे काढू का? गरम होईल." वहिनीने नाही म्हणून जोरात मान हलवली, आणि मान हलवताना चुंबळ मात्र जागची हलली नाही.

परत येताना मोरीवर दादा तसाच उभा होता. त्याने घड्याळ उंच धरून दाखवलं. ती पुढे गेली तसा गोविंदा स्कूटर घेऊन आला आणि दादाला मागे बसवून मैदानाकडे निघाला.

चौदाव्या किलोमीटरनंतर ऊन चढलं. वहिनीचा श्वास मला सायकलवरून ऐकू यायला लागला. एकदा तिचा पाय मुरगळल्यासारखा झाला आणि ती लंगडायला लागली. मला काय करावं सुचेना. कंडक्टरला जे येतं तेच मी केलं. "पुढे सरका!" म्हणून ओरडलो. "पुढे सरका, पुढे जागा आहे! आत सरका, मागे माणसं उभी आहेत!" रस्त्याकडेचे लोक हसायला लागले. वहिनीही हसली, हसता हसता तिचा श्वास पुन्हा लयीत आला. सोळाव्याला चंद्रावती पेज घेऊन परत भेटली. आई दिसताच ती बाजूने पळायला लागली आणि शंभर पावलांतच पोटात कळ येऊन बसली.

रोहा जवळ आलं तशा समोरून बायका यायला लागल्या. वाडीवरच्या, पहाटे मोळ्या आणि भाजी विकायला बाजारात गेलेल्या आणि आता परत निघालेल्या. रिकाम्या पाट्या काखेला. त्यांना शर्यतीचं काही माहीत नव्हतं. त्यांना दिसली ती डोक्यावर चुंबळ घेतलेली, घाईने येणारी एक बाई. पुढच्या म्हातारीने मागच्यांना हाताने अडवलं आणि सगळ्या रस्त्याखाली उतरून उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, "बाय, ओझा कुठं पडला गो तुझा?"

वहिनी पळता पळता म्हणाली, "हाय, हाय. डोक्यावरच हाय."

त्या बायका तिच्याकडे वळून बघत राहिल्या. मी सायकलवरून त्यांना नमस्कार केला. त्यांनी तिला अडवलं असतं, एकीनेही वाट दिली नसती, तर तिचं काय झालं असतं मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्यानंतर तिने मागे वळून पाहिलं नाही.

मैदानाची कमान दिसली तेव्हा दोन तास पंचावन्न मिनिटं झाली होती. मांडवातल्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. माईकवाला पोरगा कागद चाळत होता आणि दुसरा एक वायर गुंडाळायला वाकला होता. मी सायकल सोडली आणि पायी पळालो. "अरे थांब," मी ओरडलो, "माईक बंद करशील तर याद राख, अजून पाच मिनिटं हायत!" पोरगा घाबरून म्हणाला, "काका, नऊ तीसपर्यंत चालू आहे, तुम्ही श्वास घ्या." मी त्याच्या टेबलाला धरून वाकलो. दादा कमानीपाशी काठी टेकून उभा होता.

वहिनी मैदानात शिरली. लुगडं घामाने चिकटलेलं, एका बुटाची नाडी सुटून फरफटत होती, चेहरा लाल. आणि मान ताठ, चुंबळ जागच्या जागी. शेवटच्या शंभर पावलांत तिने वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. राशीवर टोपली रिती करायला जायची तशीच ती आली आणि पट्टी ओलांडली. घड्याळावर दोन तास अठ्ठावन्न मिनिटं होती.

माईकवाल्या पोराने नंबर बघितला, कागदावर बोट फिरवलं आणि पुकारलं, "दोनशे एकोणनव्वद. धोंडुबाई नाथा म्हात्रे, पेण!"

माईकचे कर्णे मैदानाच्या चारही दिशांना बांधलेले होते. नाव मैदानभर घुमलं, नदीच्या अंगाला गेलं आणि परत आलं. दादाचं तोंड सवयीने उघडलं. मी त्याच्याकडेच बघत होतो. ओठांवर आलेला शब्द त्याने गिळला आणि काठी घट्ट धरून तो बाजूला झाला. एक पाय मागे, अंग चोरून.

वहिनी मैदानाच्या मधोमध उभी होती. तिने डोक्यावरची चुंबळ दोन्ही हातांनी उतरवून छातीशी धरली आणि शेजारच्या घरात कधी न गेलेल्या तिच्या आवाजात, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "हाजर."